आर्पेजिएटर आपल्या मनानं सूर लावत नाही, भाऊ
भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरत राहते का मोबाईलच्या सिंथमध्ये (पेटीसारखं वाजवायच्या ॲपमध्ये) आर्पेजिएटर चालू केला का मशीनच गाणं वाजवते, पोराला सूर यायची गरजच नाही. तसं नाही हो. तुम्ही दाबलेलेच सूर तो एकामागे एक वाजवते, १२० टेम्पो (मिनिटाला १२० ठोके) अन् १/१६ वर (एका ठोक्यात चार सूर) ठेवला तर सेकंदाला ८ सूर. होल्ड (बोट उचललं तरी सूर चालू ठेवणारं बटण) बंद करा, सा-ग-प दाबून धरा, मग शुद्ध ग सोडून कोमल ग घ्या, सगळा रंगच उदास होते, अन् बोटं उचलली का आवाज बंद. निवड बोटाचीच राहते. व्हायब्रेटोनं, म्हणजे सूर हलवणाऱ्या इफेक्टनं, सूर बिघडते असं म्हणतात, हेही अर्धवटच, सूर आपल्याच जागेच्या जरासा वर-खाली हलते, ट्यूनर (सूर मोजायचं ॲप) लावून पाहा, काटा सुराच्या आजूबाजूलाच झुलते. डेप्थ, म्हणजे हे हलणं, लय वाढवली तरच कानाला खटकते.