जबडा सरकवणे आणि जबडा खेचणे : हाड दोन्ही शस्त्रक्रियांत कापतात

दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांच्या पालकांकडून, मेळघाटातल्या धारणीपासून गडचिरोलीतल्या भामरागडपर्यंत, एकच वाक्य ऐकू येते : ‘जबडा कापणार असाल तर नको, खेचणार असाल तर करा.’ टाळू शिवल्यानंतरच्या व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ खुंटू शकते आणि मग खालचे दात पुढे येतात, हे या पालकांना सांगावे लागत नाही. दातांना तारा लावण्यासारखाच खेचणे हा बिनशस्त्रक्रियेचा उपाय आहे, हा समज मात्र साफ चुकीचा आहे.

जबडा एकाच वेळी पुढे सरकवणे असो की सावकाश खेचणे, हाड दोन्हींत कापतात, आणि तेही जवळजवळ एकाच रेषेवर : वरच्या दातांच्या मुळांच्या वर, आडवे. ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने १९०१ मध्ये वर्णिलेल्या अस्थिभंगाच्या रेषेचे नाव या छेदाला मिळाले आहे. फरक पडतो तो हाड पुढे केव्हा जाते यात. सरकवण्याच्या पद्धतीत भूल उतरण्यापूर्वीच जबडा ठरलेल्या जागी आणून पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्का करतात. खेचण्याच्या पद्धतीत तो आधी जवळपास जागेवरच ठेवतात. काही दिवसांनी जबड्याला जोडलेल्या यंत्राचा स्क्रू फिरवून रोज सुमारे १ मिलिमीटर पुढे नेतात, मागे पडणाऱ्या फटीत नवे हाड तयार होते, आणि ते घट्ट होईपर्यंत यंत्र साधारण दोन-तीन महिने राहते. इलिझारोव या सोव्हिएत अस्थिशल्यविशारदाने सायबेरियातील कुर्गान येथे पायांच्या हाडांसाठी रुजवलेले हेच तत्त्व आहे. व्रणाचा ताठर भागही सावकाश ताणला जात असल्याने, जबडा सुमारे १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पुढे न्यायचा असेल तेव्हा ही पद्धत विशेष विचारात घेतात.

हा स्क्रू बहुधा घरीच, आईला किंवा वडिलांना फिरवावा लागतो. मध्येच खंड पडला तर हाड अकाली जुळू शकते आणि तपासणीच्या फेऱ्याही चुकवता येत नाहीत. म्हणून पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटतो त्या दिवसांत, शहरात राहण्याची सोय नसताना, हे खेचणे सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे.

वयाबद्दल थोडक्यात : सरकवण्याची शस्त्रक्रिया शक्यतो वाढ पूर्ण झाल्यावर करतात, खेचणे त्याआधीही करता येते, पण खालचा जबडा पुढे वाढतच राहिल्यास मोठेपणी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते.

सावकाश खेचल्याने बोलणे बिघडत नाही, ही हमी कोणी दिली तरी मानू नये. जबड्याबरोबर टाळूही घशाच्या मागच्या भिंतीपासून दूर जातो आणि बोलताना नाकातून हवा निसटू शकते. म्हणून पद्धत कोणतीही ठरो, वाचातज्ज्ञाची तपासणी शस्त्रक्रियेआधीच मागून घ्यावी.