मीटअप सोडताना सदस्ययादी का अडते?

ट्रेकर्सचे ग्रुप, छायाचित्रकारांच्या बैठका, प्रोग्रामरांचे महिनेवारी मेळावे अशा गटांनी मीटअप ही बैठका जुळवणारी ऑनलाइन सेवा सोडून दुसरीकडे जाणे ही नवी गोष्ट नाही. त्याचे मूळ 2005 सालात आहे.

मीटअप ही सेवा जून 2002 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर शहरात अनोळखी शेजारी एकमेकांशी बोलू लागले, त्यातून स्कॉट हायफरमन यांना ही कल्पना सुचली. पुढे अमेरिकी राजकारणी हॉवर्ड डीन यांच्या 2004 च्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी समर्थक इथूनच गावोगाव जमले आणि सेवेचे नाव झाले. 2005 मध्ये मात्र कंपनीने आयोजकांकडून मासिक शुल्क घ्यायला सुरुवात केली. सदस्य फुकट, बिल एकट्या आयोजकाच्या कार्डावर. आयोजकाने हात वर केले की 'हा गट कोण चालवणार?' अशी विचारणा सदस्यांना जाते. पैसे भरणारा आयोजक होतो, मग तो बैठकीला एकदाच आलेला का असेना. कोणीच पुढे आले नाही तर गट बंद.

2017 मध्ये कार्यालयांसाठी जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर 2019 मध्ये काही ठिकाणी सदस्यांकडून नोंदणीमागे 2 डॉलर घेण्याचा प्रयोग झाला आणि आयोजक भडकले. मार्च 2020 मध्ये कंपनी पुन्हा विकली गेली आणि जानेवारी 2024 मध्ये मिलानच्या बेंडिंग स्पून्स या ॲप कंपनीकडे गेली. दरम्यान पर्याय उभे राहिले. फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेने 2020 मध्ये मोबिलिझॉन हे बैठका आणि गट चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आणले. पुण्यासह जगभरचे गूगल डेव्हलपर ग्रुप बेव्ही या अशाच दुसऱ्या सेवेवर गेले.

पण शुल्क हे निमित्त असते. गाडी अडते ती सदस्ययादीपाशी. यादी स्प्रेडशीट म्हणून उतरवता येते. तिच्यात नाव, सामील झाल्याची तारीख, हजेरी असते, ईमेल पत्ते मात्र नसतात. म्हणजे सभासद हजार असले तरी नव्या जागी बोलावणे पाठवायला आयोजकाच्या हाती काहीच नाही. म्हणून मीटअपची वर्गणी, म्हणजे ते मासिक शुल्क, चालू असतानाच घोषणा करायची, नव्या पानाचा दुवा प्रत्येक बैठकीच्या वर्णनात पहिल्या ओळीत टाकायचा, आणि नोंदणीच्या वेळी ईमेल विचारायचा, तोही कशासाठी हवा ते सांगून. निदान दोन-तीन बैठका दोन्ही पाने चालू ठेवावीत. निष्क्रिय सदस्य येणार नाहीत, त्यांच्यामागे लागू नये.

या काळात हमखास होणारा घोळ म्हणजे दुहेरी नोंदणी. सभागृह 40 जणांचे आणि दोन्हीकडे 40 ची मर्यादा, की दारात 80 माणसे. नोंदणी नव्या पानावरच घ्यावी, जुन्यावर फक्त दुवा. दुसरा घोळ वेळेचा. बैठका नव्या जागी नेणाऱ्या कॅलेंडर फाइलमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर संध्याकाळी 7 ची बैठक 13:30 अशी लिहिलेली असते आणि शेवटी यूटीसीची खूण म्हणून 'झेड' अक्षर असते. ते न जुमानणारी प्रणाली बैठक दुपारी दीडला दाखवते. आयात झाल्यावर पहिली बैठक उघडून वेळ स्वतः तपासावी.

फोटो आणि जुन्या बैठकांखालचे संवाद आपोआप येत नाहीत. ते आधी उतरवून घ्यावेत, मगच वर्गणीचे आपोआप नूतनीकरण बंद करावे.