स्मरणार्थ देणगी आणि स्मरणार्थ ठेव: दिसायला सारखे, मुळात वेगळे

शाळेच्या बक्षीस समारंभात निवेदक एकेक नाव वाचत जातो. कै. अमुक स्मृती पारितोषिक, इयत्ता नववी, गणितात प्रथम. कै. सौ. तमुक यांच्या स्मरणार्थ, निबंधलेखन, द्वितीय. त्याच शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारावर संगमरवरी पाटी असते आणि तिच्यावरही कुणाचं तरी नाव स्मरणार्थ म्हणूनच कोरलेलं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं: कुणीतरी गेलं, घरच्यांनी शाळेला पैसे दिले, शाळेने नाव लावलं. प्रत्यक्षात हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पैसे देताना तो फरक कुणी सांगत नाही. तो कळतो तीन-चार वर्षांनी, तोवर दुरुस्तीची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

देणगी म्हणजे शाळेने खर्च करायचे पैसे. त्यातून बाकं येतात, वाचनालयाची कपाटं येतात, पत्रे काढून स्लॅब पडतो. पैसे संपतात, वस्तू उरते आणि वस्तूवर नाव उरतं. ठेवीत मुद्दलाला हात लावायचा नसतो. संस्था ती रक्कम बँकेत गुंतवते आणि दरवर्षीच्या व्याजातून बक्षीस देते, शिष्यवृत्ती देते किंवा एखाद्या मुलाची फी भरते. इथे वस्तू काहीच उभी राहत नाही. दरवर्षी कुणीतरी आठवणीने करायचं एक काम तेवढं उभं राहतं.

संस्थेच्या कार्यालयात या ठेवीला कायम निधी किंवा कॉर्पस म्हणतात. नीट चालणाऱ्या शाळेत तिचं वेगळं रजिस्टर असतं. त्यात ठेव कुणी दिली, कुणाच्या स्मरणार्थ दिली, रक्कम किती, बँकेच्या पावतीचा क्रमांक काय, मुदत कधी संपते, बक्षीस कोणत्या इयत्तेला आणि कशासाठी, या वर्षी ते कुणाला मिळालं, असे रकाने असतात. शेवटचा रकाना दरवर्षी भरलेला दिसला, की ठेव जिवंत आहे असं समजावं.

गोंधळ कसा होतो, याचं माझ्या पाहण्यातलं एक उदाहरण आहे. एका खाजगी शाळेतले चित्रकलेचे शिक्षक नोकरीत असतानाच गेले. विद्यार्थ्यांचा फार जीव होता त्यांच्यावर. माजी विद्यार्थ्यांनी महिन्याभरात पन्नास हजार रुपये जमवले आणि सरांच्या नावाने दरवर्षी चित्रकलेचं बक्षीस द्यावं असं मुख्याध्यापकांशी बोलणं केलं. धनादेश दिला, पावती मिळाली. पहिली दोन वर्षं बक्षीस दिलं गेलं, तिसऱ्या वर्षी यादीत नाव नव्हतं. चौकशी केली तेव्हा मुख्याध्यापक निवृत्त झालेले होते. पावती काढून पाहिली तर तपशिलाच्या ओळीत ‘सर्वसाधारण देणगी’ असं टंकलेलं होतं, आणि ते पैसे त्याच वर्षी स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीत खर्ची पडले होते. कुणी पैसे खाल्ले नव्हते. हिशेब चोख होता आणि स्वच्छतागृहांची गरजही खरीच होती. पण सरांचं बक्षीस गेलं ते गेलंच, आणि ज्यांनी ते सुरू केलं त्यांना ते फार लागलं. मलाही लागलं, म्हणून हे लिहितो आहे.

तोंडी बोलण्याने देणगीची ठेव होत नाही. ही रक्कम कायम निधीत जमा करावी, मुद्दल खर्च करू नये आणि व्याजाचा विनियोग अमुक कामासाठी व्हावा, असं देणाऱ्याने लेखी कळवावं लागतं. आयकर कायदाही कॉर्पस देणगी ओळखतो ती अशा लेखी सूचनेवरून, आणि २०२१ मध्ये झालेल्या बदलांपासून हा निधी त्याच कामासाठी राखलेल्या, कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत वेगळा ठेवावा लागतो. तेव्हा धनादेशासोबत एक साधं पत्र द्यावं, त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा आणि विश्वस्त मंडळाने त्यावर केलेल्या ठरावाची नक्कल मागावी. मागताना संकोच वाटतो, कारण घरात दुःख असतं आणि समोरची माणसं ओळखीची असतात. तरीही मागावी. ठराव इतिवृत्तात राहतो. मुख्याध्यापक बदलतात, लिपिक बदलतात.

पावती कुणाच्या नावाची आहे हेही पाहावं. आपल्याकडच्या बहुतेक खाजगी शाळा, अनुदानित असोत की विनाअनुदानित, नोंदणीकृत संस्था किंवा विश्वस्त न्यास चालवतात. महाराष्ट्रात त्यांच्यावर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. ठेव धरायची ती या संस्थेने, आणि दरवर्षी लेखापरीक्षण होतं तेही तिच्या हिशेबांचं. माजी विद्यार्थी संघ बऱ्याच ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदलेला असतो. त्याला दिलेले पैसे शाळेला दिले असं होत नाही. संघ थंडावला की ती ठेव कुणाच्या ताब्यात आहे हेसुद्धा कळेनासं होतं.

कराच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-जी) असेल तर देणाऱ्याला जुन्या करप्रणालीत सवलत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही, आणि दोन हजारांवरची रोख रक्कम दिली तर सवलत बुडते. संस्थेकडून जे प्रमाणपत्र येतं त्यावर देणगीचा प्रकार दिलेला असतो. तिथे कॉर्पस लिहिलं आहे का, एवढं मात्र आल्या आल्या बघावं.

नाव किती काळ टिकतं, याची दोन मोठी उदाहरणं आपल्या इतिहासातच आहेत. जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना १८६५ साली गेले. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या दालनात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, तो पाहायला मुद्दाम जावं लागतं. पण त्यांच्या नावाच्या संस्कृतच्या शिष्यवृत्तीने मॅट्रिकच्या कित्येक पिढ्यांच्या तोंडी त्यांचं नाव ठेवलं. चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तरी त्यांच्या चरित्रात १९१२ साली मॅट्रिकला मिळवलेल्या शंकरशेट शिष्यवृत्तीचा उल्लेख हटकून येतो. दुसरं उदाहरण मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांचं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला त्यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपये देऊ केले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. एसएनडीटी हे नाव लाखो मुलींच्या प्रमाणपत्रांवर छापलं गेलं. नाथीबाई कोण होत्या हे त्यांतल्या किती जणींना ठाऊक असेल? नाव टिकलं, पण ते चार अक्षरांत आटलं. माणसाची ओळख नावासोबत आपोआप जात नाही. ती कुणीतरी सांगावी लागते.

आता ठेवीचं खरं दुखणं. मुद्दल तेवढंच राहतं आणि महागाई वाढत जाते. १९९५ च्या सुमारास बँका दीर्घ मुदतीच्या ठेवींवर बारा टक्क्यांच्या घरात व्याज देत होत्या. पाच हजारांची ठेव वर्षाला सहाशे रुपये द्यायची. नववीतल्या मुलाने घरी धावत जाऊन दाखवावी अशी ती रक्कम होती. तीच ठेव आज, साडेसहा टक्के व्याज धरलं तर, तीनशे पंचवीस रुपये देते. त्यात बरा वैज्ञानिक कॅल्क्युलेटरसुद्धा येत नाही. म्हणून कित्येक शाळांच्या बक्षीस याद्यांत एकवीस, एक्कावन्न, एकशे एक असे आकडे दिसतात. मूळ देणाऱ्याने त्या काळी घसघशीत रक्कम दिली होती. तिची अशी चिंधी झालेली बघताना त्या माणसाचा अपमान होतोय असं मला दरवेळी वाटतं.

यावर उपाय आहे आणि तो ठेव देतानाच करावा लागतो: पत्रात असं लिहावं, की सगळं व्याज वाटू नये, काही भाग मुद्दलात घालावा. एक लाखाची ठेव आणि साडेसहा टक्के व्याज धरा. सगळं व्याज वाटलं तर दरवर्षी साडेसहा हजारांचं बक्षीस होतं, आणि तीस वर्षांनीही ते साडेसहा हजारांचंच असतं. त्याऐवजी चार टक्के वाटून अडीच टक्के मुद्दलात घातले तर पहिलं बक्षीस चार हजारांचं होईल. दहा वर्षांत मुद्दल एक लाख अठ्ठावीस हजारांवर जाईल, वीस वर्षांत एक लाख चौसष्ट हजारांच्या आसपास, आणि तेव्हा चार टक्क्यांचं बक्षीसही साडेसहा हजारांच्या वर गेलेलं असेल. पुढे ते वाढतच राहील. सुरुवातीला घरच्यांना चार हजार कमी वाटतात, पण ज्यांना हे नाव नातवंडांच्या काळातही मानाने वाचलं जावं असं वाटतं त्यांनी हाच मार्ग धरावा. रक्कम लहान असेल, म्हणजे दहा-पंधरा हजार, तर ठेव करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशांची पुस्तकं घ्यावीत आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावाची चिकटपट्टी लावावी. ती देणगी दहा वर्षं मुलांच्या हातात फिरते.

मोठ्या रकमेच्या बाबतीत मी आधी शाळेची गरज विचारीन. मुलींना धड स्वच्छतागृह नसलेल्या शाळेत निबंधस्पर्धेची ठेव ठेवणं मला पटत नाही. मात्र शिक्षक किंवा शाळेचे शिपाईमामा गेले असतील तर ठेव जास्त शोभते. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते दरवर्षी पुन्हा पुन्हा केलेलं काम होतं, आणि ठेवही तसंच वर्षाला एकदा काम करते. तीस वर्षं घंटा देणाऱ्या मामांच्या नावे वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या मुलाला बक्षीस मिळालं, तर त्यात त्यांचा स्वभाव येतो. त्यांच्या नावाने गणिताचं बक्षीस दिलं तर नुसतं नाव येतं.

विद्यार्थी गेला असेल तेव्हा घाई अजिबात करू नये. आईवडील पहिल्या महिन्यात हवं ते द्यायला तयार असतात, आणि त्याच वेळी शाळेने थांबायला सांगावं. वर्ष जाऊ द्यावं. बक्षीस पहिल्या क्रमांकाला जोडू नये. त्या मुलाला जे आवडायचं त्याला जोडावं, मग ते खो-खो असो की पेटी. त्याचे वर्गमित्र अजून शाळेत आहेत, धाकटी बहीण रोज त्याच जिन्याने जाते, याचा विचार जिन्यात फोटो आणि पाटी लावण्याआधी व्हायला हवा. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर शाळेत कायमस्वरूपी स्मारक करू नये, असा सल्ला या विषयातले जाणकार देतात. आधीच खचलेल्या दुसऱ्या मुलाला त्यातून चुकीचा अर्थ लागू शकतो. मात्र आजाराने गेलेल्याची पाटी आणि याची नाही, असा भेदही आईवडिलांच्या जिव्हारी लागतो. म्हणून विद्यार्थ्यांसाठी पाटीच नाही, सगळ्यांसाठी एकच पद्धत, असा नियम शाळेने आधीच ठरवून ठेवलेला बरा.

परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना एक गोष्ट माहीत हवी. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या कमाईतून पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी होते. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. शिकागोतल्या चौघांनी आणि साताऱ्यातल्या दहा जणांनी एकत्र वर्गणी काढताना हे आधी पाहावं. लहान शाळांकडे ही नोंदणी सहसा नसते.

राहिला प्रश्न जुन्या, रोडावलेल्या ठेवींचा. त्या गुपचूप सर्वसाधारण निधीत वळवणं चूक आहे. ठेवीचा उद्देश बदलणं एकट्या विश्वस्तांच्या हातात नसतं. पण एकाच विषयाच्या चार-पाच ठेवी असतील, तर वारसांचा पत्ता काढून त्यांची लेखी संमती घ्यावी, लेखापरीक्षकांना विचारून ठराव करावा आणि त्या सगळ्यांच्या व्याजातून एकच नीट बक्षीस द्यावं. प्रमाणपत्रावर मात्र सगळी नावं राहू द्यावीत. संमतीसाठी वारसांना पत्र लिहाल तेव्हा त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट मागा: ज्यांच्या नावे ठेव आहे त्यांच्याविषयी चार ओळी. कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात होते, काय शिकवायचे, कशासाठी ओळखले जायचे. ते कागद रजिस्टरला जोडून ठेवा आणि समारंभात बक्षीस देण्याआधी निवेदकाला त्यातल्या दोन ओळी वाचायला सांगा. यादी लांबते, पाहुण्यांचं भाषण थोडं कमी होतं. ते कमी होऊ द्यावं.