नागपूर ‘हब’ होतं ते कधी, आणि आता आहे ते काय

मिहानची, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या कार्गो हब प्रकल्पाची, कुठलीही बातमी घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत "नागपूर देशाच्या मधोमध असल्यामुळे" हे वाक्य येणारच, सोबत झीरो माईलचा, म्हणजे शहरातल्या त्या मधोमधपणाच्या दगडी खांबाचा, फोटो. मी हे शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय, आणि विमानांचा नाद असल्यामुळे त्याच्या मागेही बराच लागलो. मला जे दिसतं ते असं की हा मधोमधचा मुद्दा एका काळात अगदी शंभर टक्के खरा होता, मग विमानं बदलली आणि तो गळून पडला, आणि आज मिहानात जे काम खरंच चालतं त्याला नागपूर मधोमध असण्याची गरजच नाही. तरी शब्द तोच चालू आहे, हब.

सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी पहिल्या महायुद्धाच्या काळातली, दुसऱ्यात ब्रिटिश हवाई दलाने ती वाढवून वापरली आणि युद्धानंतर ती नागरी विमानांकडे आली, एवढं बहुतेकांना माहीत आहे. खरी गोष्ट सुरू होते जानेवारी १९४९ मध्ये, रात्रीच्या हवाई डाकेपासून.

कल्पना साधी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघायचं, मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या वाटेला लागायची. म्हणजे मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. त्याच वर्षी देशांतर्गत साधी पत्रं जादा पैसे न घेता विमानाने न्यायची योजनाही आली, त्यामुळे हे व्यापाऱ्यांपुरतं राहिलं नाही, कोणाचंही साधं पाकीट विमानात बसायला लागलं. सुरुवातीला ही सेवा खासगी कंपन्यांच्या हातात होती आणि कंपन्या बदलत गेल्या, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि ती सरकारी महामंडळाकडे गेली.

आता नागपूरच का, हे नकाशापेक्षा डकोटा विमानातून जास्त कळतं. डकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नागपूरपासून ही चारही शहरं साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या आत. म्हणजे अडीच तासापासून पावणेचार तासात कुठूनही नागपूर, तेवढ्याच वेळात परत, आणि रात्र संपायच्या आत काम फत्ते. दिल्ली ते मद्रास एका दमात जायचं म्हटलं तर डकोटाला साडेसहा तास लागतील, आणि प्रत्येक शहरातून बाकी तिन्ही शहरांना वेगळं विमान पाठवायचं तर तेवढी विमानं होती कुठे? चार विमानांत सहा जोड्या जुळत होत्या. हब म्हणजे हेच, सगळ्या काड्या एका ठिकाणी जुळायच्या म्हणून चाक फिरतं.

माझे मोठे काका टपाल खात्यात होते, ते सांगायचे की थंडीच्या दिवसांत सोनेगावला रात्री एक वाजता जेवढी वर्दळ असायची तेवढी नागपुरात स्टेशन सोडलं तर कुठेच नसायची. डकोटा शेपटीवर टेकून उभं राहतं, त्यामुळे आतली जमीन उताराची, दार मागच्या बाजूला. थैल्या पुढून सोडल्या की घसरत दाराशी यायच्या, पण भरताना मात्र चढावर ओढत न्याव्या लागायच्या. काका म्हणायचे, उतरवायला पाच मिनिटं आणि चढवायला पंचवीस. थैलीच्या तोंडाला सुतळी, त्यावर मोहर, आणि कंदिलाच्या उजेडात एकजण नुसता शहरांची नावं ओरडायचा. विमानांत प्रवासीही असायचे, ते तेवढ्या वेळात उतरून चहा-जेवण करायचे. सगळं गुळगुळीत चाललं असं नाही, डिसेंबर १९५३ मध्ये एक डकोटा नागपुरातून उडाल्या-उडाल्या कोसळलं, त्यातली जवळपास सगळी माणसं गेली. काकांनी तो प्रसंग आम्हाला एकदाच सांगितला, परत कधी विषय काढला नाही.

मग डकोटाच्या जागी स्कायमास्टर आलं, व्हायकाउंट आलं, साठच्या दशकात कॅराव्हेल आलं आणि सत्तरीच्या सुरुवातीला बोईंग ७३७. जेट विमान दिल्लीहून मद्रासला अडीच-पावणेतीन तासात पोचतं, ते नागपूरला कशाला उतरेल? १९७३ मध्ये रात्रीची डाक बंद झाली. तेव्हा कोणी नागपूरवर अन्याय केला असं मला वाटत नाही, विमानांचा पल्ला वाढला आणि मधलं स्टेशन गळालं, रेल्वेतही असंच होतं.

यानंतरच्या तीसेक वर्षांवर आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही, पण माझ्या मते पुढचं सगळं समजायला तोच काळ महत्त्वाचा आहे. हवाई दलाच्या देखभालीचं मुख्यालय आपल्या वायुसेना नगरात आहे. प्रत्यक्ष विमानं आणि हेलिकॉप्टरं उघडून दुरुस्त होतात ती ओझरला, चंदीगडला, कानपूरला, पण त्या सगळ्या डेपोंचा कारभार इथून चालतो. सोनेगाववर आयएल-७६, ज्याला हवाई दलात गजराज म्हणतात, ते उतरायचं तेव्हा खामल्यापर्यंत खिडक्यांची तावदानं थरथरायची, आम्ही पोरं गच्चीवर पळायचो. या शहरात विमान दुरुस्ती या विषयात आयुष्य घालवलेली, निवृत्त होऊन इथेच घर बांधून राहिलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. ही शिदोरी कुठल्या सरकारी अहवालात मोजलेली मला दिसली नाही.

२००२ मध्ये राज्य सरकारने विमानतळ विकासासाठी वेगळी कंपनी काढली आणि मिहान आलं. नावातच हब आहे, बहुविध वाहतुकीचं आंतरराष्ट्रीय कार्गो हब. युक्तिवाद १९४९ चाच, मधोमध असण्याचा. पण मालवाहू विमान चालवणारा आधी हे बघतो की माल कुठे तयार होतो आणि कुठे खपतो. दोन्ही टोकं मुंबई-दिल्लीच्या पट्ट्यात असताना तो माल नागपुरात उतरवून परत चढवायचा खर्च करणार नाही. २००५ मध्ये विमानतळाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, शारजा-दोह्याची विमानं सुरू झाली, चांगलंच झालं, पण म्हणून कार्गो हब झालं असं नाही.

जे झालं ते वेगळ्याच वाटेने झालं. २००६ च्या सुरुवातीला तेव्हाच्या सरकारी विमान कंपनीने ६८ बोईंग विमानांची ऑर्डर दिली, आणि त्या बदल्यात अमेरिकन कंपनीने १० कोटी डॉलरचं देखभाल-दुरुस्ती केंद्र, म्हणजे एमआरओ, भारतात बांधून द्यायचं कबूल केलं. ते नागपूरला न्यायचं ठरलं आणि तिथून वाद सुरू झाला तो कितीतरी वर्षं चालला. विरोधाचा मुद्दा असा की मोठी विमानं, ७७७ आणि ७८७, मुंबई-दिल्लीहून उडतात, नागपूरला त्यांचं एकही नेहमीचं उड्डाण नाही, म्हणजे दुरुस्तीसाठी विमान रिकामं आणायचं आणि रिकामं न्यायचं, इंधन कोण भरणार? राजकारणापायी नागपूरला नेलं असं उघड बोललं गेलं. राजकारण नव्हतं असं मी म्हणत नाही. पण हा मुद्दा मला अर्धवट वाटतो. सी-चेकला, म्हणजे मोठ्या तपासणीला, विमान काही वर्षांतून एकदा कधीतरी आत घेतात आणि मग ते आठवडेच्या आठवडे आत राहतं, पॅनल काढलेली, सीट बाहेर, जमिनीखालचं वायरिंग उघडं. एवढ्या मुक्कामापुढे दीड तासाचं रिकामं उड्डाण म्हणजे काहीच नाही. त्याआधी आपल्या बऱ्याच कंपन्या विमानं सिंगापूरला, दुबईला, कोलंबोला पाठवत होत्याच की, तीही काही प्रत्येक वेळी भरून जात नव्हती. आणि मुंबईत जागा आहे कुठे? तिथे विमान उभं करायला जागा मिळत नाही, ७७७ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ६५ मीटर, त्याला शंभर मीटरचं हँगर लागतं. इथे तशी दोन उभी राहिली.

दुखणं दुसरीकडे होतं. हँगर झालं, पण धावपट्टीपासून तिथवर नेणारा टॅक्सीवे रखडला, आणि टॅक्सीवे नाही म्हणजे घर बांधलं पण दाराशी रस्ता नाही. शेवटी २०१५ मध्ये केंद्र सुरू झालं. त्यानंतरही करामुळे गणित बसत नव्हतं, दुरुस्तीच्या कामावर १८ टक्के जीएसटी आणि तेच काम बाहेर स्वस्त. एप्रिल २०२० पासून तो ५ टक्क्यांवर आणला. माझ्या मते नागपूरच्या विमान-व्यवसायासाठी गेल्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात कामाचा निर्णय हाच, आणि त्याचं ना भूमिपूजन झालं ना फलक लागला. खासगी एमआरओही मिहानात आला, ए३२० जातीची विमानं आता इथे नेमाने येतात.

त्याच्या शेजारी बनवण्याचं कामही वाढलं. ७८७ च्या केबिनखालचे कंपोझिटचे, म्हणजे धातूऐवजी तंतू आणि राळेच्या मिश्रणाचे, बीम मिहानात तयार झालेत, हे किती नागपूरकरांना माहीत असेल? राफेलबद्दल मात्र सगळ्यांना माहीत असतं आणि चुकीचं माहीत असतं. "मिहानात राफेल बनतं" असं लग्नाच्या पंगतीत ठासून सांगणारे मी ऐकलेत. ३६ राफेलच्या २०१६ च्या सौद्यात ऑफसेटची, म्हणजे रकमेचा काही भाग भारतातच कामाला लावायची, अट होती, त्यातून फ्रेंच कंपनीने एका भारतीय ग्रुपबरोबर २०१७ मध्ये इथे कारखान्याचं भूमिपूजन केलं. भागीदार कसा निवडला यावर देशभर रान उठलं, तो वाद वेगळा. कारखान्यात सुरुवात झाली ती फाल्कन २००० या बिझनेस जेटच्या भागांपासून, अख्खं राफेल इथे जोडलं जात नाही. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या एअर शोला जाहीर झालं की अख्खं फाल्कन २००० नागपुरात जोडणार, पहिलं विमान २०२८ पर्यंत उडवायचं ठरलंय.

विमानतळाच्या खासगीकरणाचा घोळ थोडक्यात सांगतो कारण त्यावर आधीच भरपूर लिहून झालंय. विमानतळ चालवायला घेणाऱ्या कंपनीची सुरुवातीची बोली सरकारला उत्पन्नाचा ५.७६ टक्के वाटा द्यायची, वाटाघाटीत ती १४.४९ वर गेली, मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचं पत्र दिलं आणि वर्षभरात सगळी प्रक्रियाच रद्द केली. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठाने रद्द करणं चूक ठरवलं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं, आणि करारावर सह्या व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं. साडेपाच वर्षं गेली. दुसऱ्या धावपट्टीचं कामही त्यातच अडकून बसलं, आजही सगळा भार त्या एका ३२०० मीटरच्या पट्टीवर आहे, प्रवासी विमानं, हवाई दल आणि दुरुस्तीला येणारी ७७७, सगळी त्याच पट्टीवर.

मागच्या हिवाळ्यात चिंचभुवनकडून एक ७७७ हँगरच्या दिशेने जाताना दिसलं. इंजिनांवर लाल कव्हरं, ट्रॅक्टर ओढत होता, आणि पंखाच्या टोकाशी एक माणूस हातात काठी धरून विमानाच्या बरोबरीने पायी चालत होता, नजर सारखी त्या टोकावर. हँगरच्या दारातून आत जायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तो पूर्ण वेळ त्या माणसाने एकदाही दुसरीकडे बघितलं नाही.