तुपाने न उतरणारा गोळा

पहाटे पलंगाखालून खॉक-खॉक ऐकू येतं. मांजर मान लांबवतं, पोट आत ओढतं आणि फरशीवर बोटाएवढी ओली वळी पडते. म्हणायचं केसांचा गोळा, पण अरुंद अन्ननलिकेतून दाबला जात वर येतो म्हणून आकार वळीचा. बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी यावर ठरलेला उपाय होता, चमचाभर साजूक तूप चाटवायचं. मनी खूश, आजीही निश्चिंत. पण तूप लहान आतड्यात पचून जातं, केस पुढे सरकवायला ते उरतच नाही.

खरं कारण जिभेत आहे. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले शेकडो काटे असतात, आपल्या नखांच्याच केराटिनचे. काट्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवलं. ती लाळ वाळताना अंग गार होतं. बडोद्याच्या मे महिन्यात हे केवढं मोठं सुख! मात्र त्या उलट्या काट्यांत अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केसही केराटिनचाच, त्यामुळे तो पचत नाही. बराचसा शीतून निघून जातो, उरलेला जठरात गुंततो.

म्हणून पहिलं औषध फणी. जेवढे केस फणीत आले तेवढे पोटात गेले नाहीत. लांब केसांच्या पर्शियनला रोज विंचरावं, आपल्या साध्या गावठी मांजराला आठवड्यातून दोनतीनदा पुरे.

दुसरं, पाणी आणि चोथा. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे त्याला तहान कमीच. कोरड्या दाण्यांबरोबर ओलं अन्नही द्या. उकडलेला लाल भोपळा चमचाभर चालतो, पण फोडणीचा नको, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. उंझ्याच्या बाजारातून घरोघरी येणारं इसबगोलही उपयोगी आहे. डॉक्टरांना विचारून पाव चमचा, भरपूर पाण्यात फुगवून, अन्नात कालवून द्यावं. कोरडं दिलं तर घशातच फुगेल. घटस्थापनेला पेरतो तसे गहू कुंडीत पेरले तर मांजरं ते कोवळे अंकुर आवडीने खातात. तोंडात तेल मात्र कधीच ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

एखाद्या महिन्यात एखादी वळी पडली तर काळजी नसावी. वारंवार पडू लागली तर पिसवा, खाज किंवा आतड्याचा आजार असू शकतो. मान लांबवून खोकतं पण काहीच पडत नाही, तेव्हा अनेकदा तो दमा असतो. उबळ येत राहते, दिवसभर अन्न नाही, शी नाही, पोट ताठ, अशा वेळी घरी काही करत बसू नये.

उत्तरायणानंतर तर जास्तच जपा. गच्चीवर पडलेला पतंगाचा दोरा मांजर खेळता खेळता गिळतं, आणि उलट्या काट्यांमुळे तोही आतच ओढला जातो. तोंडातून किंवा शेपटीखालून टोक दिसलं तरी ओढू नका, आत ताणलेला दोरा आतडं चिरत जातो. जनावरांच्या डॉक्टरकडे तसंच घेऊन जा.