शाळा-पाळणाघरांतलं पेस्ट कंट्रोल आणि त्याचे नियम

शाळा, बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर, म्हणजे जिथे लहान मुलं दिवसाचे कितीतरी तास असतात, तिथे झुरळं, मुंग्या, डास, उंदीर, ढेकूण, वाळवी यांचा बंदोबस्त कुठल्या औषधाने करायचा, कुणी करायचा, कधी करायचा आणि पालकांना त्याची खबर द्यायची का, याबद्दलच्या नियमांची आणि चालीरीतींची ही नोंद. भारतात यासाठी एक असा स्वतंत्र कायदा नाहीये. कीटकनाशकांचा कायदा आहे, अन्नसुरक्षेचा आहे, महापालिकेच्या डासांच्या नोटिसा आहेत, आणि या सगळ्यांच्या मधे जी फट राहते तिच्यात नेमकी वर्गखोली येते. बाटलीवर सरकारचं लक्ष आहे, एजन्सीच्या लायसन्सवर आहे, पण रविवारी फवारलेल्या फरशीवर सोमवारी सकाळी सातला तीन वर्षांचं पोर बसणारे, हे कुठल्याच फॉर्मवर लिहावं लागत नाही.

कायद्यात काय आहे

मूळ कायदा म्हणजे कीटकनाशके अधिनियम 1968 आणि त्याखालचे 1971 चे नियम. 1958 साली केरळात जहाजातून आलेल्या पिठात पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक मिसळलं गेलं आणि शंभरावर माणसं गेली, मग चौकशी आयोग वगैरे होऊन दहा वर्षांनी हा कायदा आला, त्यामुळे त्याचा मोठा रोख नोंदणी, भेसळ, विक्री आणि वाहतूक यांच्यावर आहे. औषधाला मंजुरी देणारी नोंदणी समिती फरिदाबादला बसते, कुठलं औषध कशासाठी वापरायचं हेही तिथेच ठरतं. शेतीसाठी मंजूर असलेलं औषध खोलीत मारणं यात बसत नाही, तरी कृषी सेवा केंद्रातून स्वस्तातला डबा आणायचा आणि शाळेच्या शिपायाला सांगायचं की सुट्टीच्या दिवशी मारून टाक, असले प्रकार चालतात.

पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करायचं तर लायसन्स लागतं आणि ते राज्याचं कृषी खातं देतं. अट अशी की एजन्सीचा मालक किंवा त्याच्याकडचा माणूस शेतकीचा पदवीधर हवा, नाहीतर केमिस्ट्री घेऊन सायन्सचा, आणि वर म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या सरकारी संस्थेतलं कमीत कमी 15 दिवसांचं ट्रेनिंग झालेलं हवं. हे झालं लायसन्सवरच्या नावाचं. पंप घेऊन दारात येणारा मुलगा बहुतेक वेळा दुसराच असतो, आणि बाटलीत नक्की काय आहे असं विचारलं तर "मॅडम, हर्बल आहे, वास पण येत नाही" एवढंच उत्तर मिळतं. वास नाही म्हणजे विष नाही असं अजिबात नसतं, खूपशा सिंथेटिक पायरेथ्रॉइडना, म्हणजे झुरळा-डासांच्या फवाऱ्यांतल्या नेहमीच्या औषधांना, वास जवळपास नसतोच.

त्यापेक्षा डबा बघायला मागावा. प्रत्येक डब्यावर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याच्यावर कवटी पण असते. पिवळा त्याच्या खालचा, मग निळा, मग हिरवा. हे रंग चाचणीतली निम्मी जनावरं किती मात्रेत मरतात त्यावरून ठरतात, पोटात गेल्यावर वजनाच्या दर किलोला 50 मिलीग्रॅमपर्यंत लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा, त्याच्या वर हिरवा. पण हा रंग फक्त एकदम झालेल्या विषबाधेचं सांगतो, रोज थोडं थोडं अंगात जाण्याचं किंवा दम्याचं त्यात काही येत नाही, म्हणून हिरवा त्रिकोण बघून पाळण्याशेजारी फवारायला हरकत नाही असा अर्थ काढू नये. लेबल हिंदी-इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लागतं. अक्षर मात्र इतकं बारीक की भिंगच हवं.

काही औषधं गेलीत. डायक्लोरव्हॉस, म्हणजे लोक ज्याला नुवान म्हणूनच ओळखायचे, घराघरात झुरळांवर मारलं जायचं, ते 2018 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2020 पासून बंद झालं. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांचा वायू होतो, त्या सर्वसामान्य माणसाने वापरायच्याच नाहीत, सरकारी यंत्रणा किंवा पेस्ट कंट्रोलवाले, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. वाळवीवरचं क्लोरपायरिफॉस हे अजून एक. अमेरिकेत त्याचा घरातला वापर 2000 सालापासून गुंडाळायला घेतला, 2025 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतही ते काही सवलती ठेवून आलं. आपल्याकडे मात्र वाळवीसाठी अनेक वर्षं त्याचंच नाव पुढे. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या लाकडी जिन्यांच्या, सागवानी दारांच्या शाळांमध्ये वाळवी हा खरा प्रश्न असतो, तिथे भिंतीला भोकं पाडून औषध भरतात, त्यामुळे काय भरलं याची पावती जपून ठेवलेली बरी.

या सगळ्यात शाळेसाठी वेगळं कलम नाही. नवीन कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक 2020 साली राज्यसभेत मांडलं गेलं, पण जुन्या कायद्याची जागा त्याने काही घेतली नाही. गंमत म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे, यवतमाळमध्ये 2017 साली फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले तेव्हा सगळ्यांना फवारणीचे नियम आठवले, पण आयुक्तालयाच्याच पुण्यातल्या बालवाडीत काय फवारतात हे कुणाच्याच टेबलावर येत नाही.

परदेशांत काही ठिकाणी हे असं मोकळं सोडलेलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2000 सालचा हेल्दी स्कूल्स अ‍ॅक्ट आहे, त्यात वर्षभरात कुठली औषधं वापरणार याची यादी दरवर्षी पालकांना लेखी द्यावी लागते, फवारणीच्या 24 तास आधी पाटी लावायची आणि नंतर 72 तास काढायची नाही, वापराच्या नोंदी जपायच्या. 2007 पासून खाजगी पाळणाघरंही त्यात आली. फटीत लावायच्या विषारी आमिषाच्या जेलला आणि बंद डबीतल्या आमिषाला यातून सूट आहे, आणि ही सूटच मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण शाळा आपोआप फवारणीकडून जेलकडे वळतात. युरोपियन युनियनच्या 2009 च्या निर्देशातही शाळेची मैदानं आणि खेळायच्या जागा इथे कीटकनाशक बंद करा किंवा कमीत कमी करा असं आहे.

मुलांचं वेगळं का

लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतं, जास्त खातं-पितं, फरशीवर रांगतं आणि हात सारखा तोंडात घालतं. फवारलेलं औषध शेवटी फरशीवर, सतरंजीवर आणि खेळण्यांवरच बसतं, पायरेथ्रॉइड तर घरात ऊन-पाऊस लागत नसल्यामुळे धुळीत बरेच दिवस टिकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये कीटकनाशकांबद्दल भूमिका मांडली, तीत लहानपणी येणाऱ्या संपर्काचा काही कॅन्सर, बुद्धीची वाढ आणि वागणुकीचे प्रश्न यांच्याशी संबंध दिसतो असं म्हटलंय. अर्थात झुरळांनी पण दमा वाढतो, उंदरांनी लेप्टो होतो आणि डेंगीचं तर पुणेकरांना सांगायलाच नको, म्हणून काहीच करू नका हे उत्तर नाही.

आणि सगळ्यात वाईट जे झालंय ते फवारणीने झालेलंच नाही. 16 जुलै 2013 ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं गेली, स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीतलं कीटकनाशक होतं, कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवल्याचं समोर आलं. रिकामी डबडी परत वापरात येऊ नयेत, फोडून वस्तीपासून लांब पुरावीत असं 1971 च्या नियमांत तेव्हाही होतं. पोषण आहाराची तांदळाची पोती आणि फिनेल-औषधांचे डबे एकाच खोलीत एकाच किल्लीखाली ठेवलेले दिसले तर लगेच वेगळे करायला लावावेत, याला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

पुण्यात कसं चालतं

पावसाळा लागला की महापालिकेचा कीटक प्रतिबंधक विभाग कामाला लागतो, डासांच्या अळ्या सापडल्या की सोसायट्या, बांधकामं आणि शाळांनाही नोटिसा जातात, दंड होतो. 2024 ला एरंडवणे-मुंढव्यातून झिकाचे पेशंट निघाले तेव्हा तर धुरळणीची गाडी आली नाही म्हणून लोक महापालिकेच्या नावाने खडे फोडत होते. धूर दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण धुरळणीने तेवढ्या वेळात उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. शाळेत खरं काम म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं झाकण, कुंड्यांखालच्या ताटल्या, मैदानात पडलेले जुने टायर आणि एसीचं पाणी, आठवड्यातून एकदा कोरडं करायचं. कारंजी-हौद असतील तर गप्पी मासे सोडायचे. गल्लीत धूर सोडायला आले तर पाळणाघरवाल्यांनी खिडक्या लावून घ्यायच्या, गाडी गेल्यावर थोड्या वेळाने उघडायच्या.

झुरळांचं गणित वेगळं. कँटीन असेल तर अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पेस्ट कंट्रोल आणि त्याच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, म्हणजे एक खातं म्हणतं करा आणि मुलं आसपास असताना कसं करायचं ते कुणी सांगत नाही. शाळा मग वर्षाचं काँट्रॅक्ट देऊन मोकळी होते, एजन्सी ठरलेल्या महिन्यात येते आणि झुरळ असो-नसो सगळीकडे पंप मारून जाते, कारण ओली भिंत दिसली की पैसे वसूल वाटतात. आपल्याकडे कितीतरी शाळा दोन अधिवेशनांत भरतात, बाराच्या सुमारास सकाळची मुलं बाहेर आणि लगेच दुपारची आत, मधे खोली वाळायलाही वेळ नाही. म्हणून फवारणी करायचीच तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, आणि शाळा उघडायच्या आधी फरशी-बाकं पुसून, खिडक्या दोन-तीन दिवस उघड्या ठेवून. पाळणाघरांना तर सुट्टीच नसते, बाणेर-वाकड-खराडीकडे फ्लॅटमध्ये, रो हाउसमध्ये चालतात, आई-बाप आयटीत, शनिवारीही मुलं असतात. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून पाळणाघर द्यावं लागतं, पण कॉलनीतल्या खाजगी पाळणाघरात कधी काय मारलं हे पालकांना कळतं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तेही झाल्यावर, "काल पेस्ट कंट्रोल झालं आहे, मुलांना जादा कपडे द्यावेत".

घरगुती उपायही तपासून घ्यावेत. झुरळांचा खडू वर्गात नकोच, तो दिसायला हुबेहूब फळ्याच्या खडूसारखा आणि त्यात पायरेथ्रॉइड, पोरं उचलणारच. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच, गोळी-चॉकलेटसारख्या दिसतात, आणि जी6पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या मुलाने तोंडात घातली तर रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. उंदरांचं विष मोकळं टाकू नये, पिंजरा लावावा, विष ठेवायचंच तर कुलूपबंद डबीत.

काम करणारी पद्धत कंटाळवाणी आहे. बाकाच्या कप्प्यात राहिलेला पोळीचा तुकडा रोज निघाला पाहिजे, मोरीच्या जाळीला भोक नको, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, पाइप भिंतीत शिरतो तिथे सिमेंट. मग चिकट कागद लावून बघायचं की झुरळं नक्की कुठे आहेत, आणि तिथेच, सिंकखाली, बिजागरीच्या फटीत, फ्रिजच्या मागे, तुरीच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके, मुलांचा हात पोचणार नाही असे. आधीच्या फवारणीचा अंश त्या फटीत असेल तर झुरळं जेलला तोंड लावत नाहीत, म्हणून दोन्ही एकदम करणारी एजन्सी असेल तर तिला स्वतःचं काम कळत नाही असं खुशाल समजावं.

शाळेच्या इमारतीला आग्या मोहोळ लागलं तर त्याच्यावर फवारणी करायला जाऊ नये, चवताळलेल्या माश्या खाली मैदानातच येतात. पोळं सुखरूप हलवणारे प्रशिक्षित लोक असतात, आणि केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच गणेशखिंडीत आहे, तिथे चौकशी करावी. तोपर्यंत तो मजला बंद.

पालकसभेत विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. औषधाचं नाव काय, त्रिकोण कुठला, कोणत्या तारखेला मारणार, मुलं परत कधी येणार, आणि सर्व्हिस स्लिपची कॉपी मिळेल का. कायद्याने शाळेला हे सांगणं बंधनकारक नाही, पण काँट्रॅक्टमध्ये लिहून घेण्यापासून शाळेला कुणी अडवलेलंही नाही, दोन दिवस आधी पाटी लावायला एक कागद लागतो.

फवारणीनंतर मुलाला लाळ सुटणं, उलट्या, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं, घाम, धाप असं काही दिसलं तर मोकळ्या हवेत आणून, कपडे काढून, अंग साबणाने धुऊन सरळ हॉस्पिटल गाठावं, मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. डब्याचा किंवा लेबलचा फोटो बरोबर असू द्या, कारण ऑर्गॅनोफॉस्फेटला, म्हणजे मोनोक्रोटोफॉस-क्लोरपायरिफॉसच्या गटातल्या औषधांना, उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात आणि पायरेथ्रॉइडचे उपचार वेगळे, डॉक्टरांना नाव कळलं तर वेळ वाचतो. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टर फोनवर सल्ला घेऊ शकतात.