एका तारेचे विणकाम

बाळ पोटात असते तेव्हा त्याची फुप्फुसे श्वास घेत नसतात. म्हणून फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका आखूड नळीतून परस्पर महाधमनीत वळते. जन्मल्यावर रक्तातला ऑक्सिजन वाढतो, नळी आकसते आणि दोन-तीन दिवसांत बंद होते. काही बाळांची मात्र होतच नाही. मग अंगभर जायला निघालेले रक्त उलटे फुप्फुसांत शिरते. अंगावर पितानाच बाळ दमते, कपाळ घामाने भिजते, वजन काही केल्या वाढत नाही.

ही नळी बांधण्याची शस्त्रक्रिया बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ सालीच यशस्वी केली होती. म्हणजे उपाय जुना आहे. पण त्यासाठी बालहृदय शल्यविशारद हवा, लहान मुलांना भूल देणारा हवा, रात्रभर बाळापाशी जागणारी अनुभवी परिचारिका हवी. गरीब देशांत घोडे अडते ते इथे.

बोलिव्हियातले ला पाझ शहर सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत ऑक्सिजन कमी मिळतो, त्यामुळे ही नळी उघडी राहण्याचे प्रमाणही जास्त. तिथले बालहृदयरोगतज्ज्ञ फ्रान्झ फ्रॉइडेन्थाल यांनी नळीत बसणारे एक छोटे बूच तयार केले. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, नितिनॉलची, एकच तार घ्यायची आणि ती हाताने विणायची. कुठे जोड नाही. हे विणतात तिथल्या आयमारा या मूळनिवासी समाजाच्या स्त्रिया. लोकर विणण्याची कला त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तेच कसब इथे कामी आले. ही तार आपला आकार विसरत नाही. ताणून बारीक कॅथेटरमध्ये घातलेले बूच मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयापाशी नेतात. नळीत सोडले की ते पुन्हा फुलते आणि वाट बुजवते. छाती उघडावी लागत नाही.

मात्र हे वेळेत व्हायला हवे. मोठी नळी वर्षानुवर्षे उघडी राहिली, तर जास्तीच्या रक्ताचा मारा सोसून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कठीण होतात. शेवटी प्रवाहच उलटा फिरतो आणि मग नळी बंद करणे जिवावर बेतू शकते. अनेक मुले डॉक्टरांपुढे येतात तीच या टप्प्यावर, आणि याचे फार वाईट वाटते. म्हणून मला त्या बुचाइतकेच मोल साध्या स्टेथोस्कोपचे वाटते. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर निळ्या पडणाऱ्या बाळांचे दोष पकडतो. नळी उघडी राहिलेले बाळ सुरुवातीला निळे नसतेच. त्याचा दोष कानाला कळतो: डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, यंत्र चालू असल्यासारखी अखंड घरघर. लस टोचायला आणलेल्या बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ती ऐकायला मिनिटभर पुरते.